साठ माणसांच्या कारखान्यासाठी व्हिडिओ मीटिंगची कोणती व्यवस्था घ्यावी?

भट्टीवाला (धागालेखक)
नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे, म्हणजे ओतकामाचा कारखाना, जोडीला छोटं मशीनशॉप. एकूण साठ माणसं. दोन गिऱ्हाइकं चाकणला, एक चेन्नईला आणि सगळ्यात जुनं गिऱ्हाईक जर्मनीत. जर्मनीच्या लोकांशी बाबा २०१२ पासून स्काइपवर बोलायचे. ५ मे २०२५ ला स्काइप बंद झालं आणि तेव्हापासून आमचं रोज वेगळंच चाललंय. कधी व्हॉट्सअ‍ॅप कॉल, कधी समोरच्याने पाठवलेली टीम्सची लिंक, कधी माझ्या घरच्या जीमेलवरून मीट. त्यात तासभर झाला की सगळे बाहेर, मग पुन्हा लिंक पाठवा.

गेल्या महिन्यात एका कास्टिंगच्या (ओतीव भागाच्या) तक्रारीवर मीटिंग होती. ब्लोहोल (ओतताना हवा अडकून राहिलेलं छिद्र) कुठे आहे ते दाखवायला मी लॅपटॉप उचलून फेटलिंगमध्ये, म्हणजे कास्टिंग घासून साफ करतात तिथे गेलो. वाय-फाय तुटलं, ग्राइंडरच्या आवाजात माझं बोलणं त्यांना कळेना, शेवटी त्यांनी 'फोटो मेल करा' म्हणून मीटिंग संपवली. ते वाईट वागले नाहीत. पण बाबांचा चेहरा बघवला नाही. उभा जन्म या कामात घालवलाय, आणि आपला माल कसा आहे ते समोरच्याला सांगताच आलं नाही हे त्यांना फार लागलं.

म्हणून आता एक नीट व्यवस्था घ्यायची ठरवली आहे. आठ-दहा जण बसतील अशी एक खोली आहे. रोज वापरणारे आम्ही नऊ जण, महिन्याला पंधरा-वीस मीटिंगा. दोन विक्रेते येऊन भिंतभर स्क्रीन आणि आपोआप माणसाकडे वळणारे कॅमेरे दाखवून गेले. झूम, टीम्स, मीट, झोहो यांतलं काय घ्यावं? कुणी स्वतःच्या धंद्यासाठी हे केलं असेल तर अनुभव सांगा.

दोन_वाटी_रस्सा
झूम घ्या, विषय संपला. सगळ्यांना येतं. पोरांची शाळासुद्धा त्यावरच झाली.

चहा_कमी_साखर
वाचतोय. आमच्याकडेही हाच घोळ आहे.

सरळमार्गी
झूमवर सरकारने बंदी घातली होती ना? मला तरी तसं आठवतंय.

तारयंत्र
@सरळमार्गी, बंदी नव्हती. १६ एप्रिल २०२० ला केंद्रीय गृहमंत्रालयाने सूचना काढली होती, की सरकारी अधिकाऱ्यांनी सरकारी कामासाठी झूम वापरू नये. खासगी वापर करणाऱ्यांना त्याच कागदात काळजी कशी घ्यायची ते सांगितलं होतं: दर मीटिंगला नवा पासवर्ड, वेटिंग रूम, सगळे आले की मीटिंगला कुलूप. त्याच महिन्याच्या शेवटी झूमने ५.० आवृत्तीत एन्क्रिप्शन (बोलणं कुलूपबंद करून पाठवायची पद्धत) बदललं आणि ऑक्टोबर २०२० पासून दोन्ही टोकांना बांधलेलं एन्क्रिप्शनही द्यायला लागले. पण ते चालू केलं की क्लाउड रेकॉर्डिंग बंद होतं, हे लक्षात ठेवा.

धागाकर्त्यांच्या प्रश्नावर सविस्तर लिहितो. संध्याकाळी.

नाशिकची_द्राक्षं
आमचं पॅकहाउस आहे. हंगाम जानेवारी ते एप्रिल, माल रॉटरडॅमला. खरेदीदाराला पॅकिंग चालू असताना बघायचं असतं: मण्याचा आकार, घडाचा रंग, रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स (गोडी) किती दिसतंय.

आम्ही आधी एक सिस्टीम वर्षाच्या वर्गणीने घेतली. हंगाम सुरू झाल्यावर कळलं की निम्म्याहून जास्त मीटिंगा खरेदीदारच लावतो, आणि त्याच्याकडे जे असेल त्यावरच आपल्याला जावं लागतं. आपण पैसे भरलेली सिस्टीम फक्त आपण बोलावतो तेव्हाच उपयोगी. त्यामुळे भाऊ, एक काम करा. मागच्या दोन महिन्यांच्या मीटिंगा डायरीतून काढा आणि प्रत्येकीपुढे लिहा की लिंक कुणी पाठवली होती. आम्ही हे उशिरा केलं.

दुसरं म्हणजे लॅपटॉप उचलून फिरू नका. मीटिंग खोलीतल्या लॅपटॉपवर चालू राहू दे, आणि त्याच मीटिंगमध्ये एक मोबाइल वेगळा पाहुणा म्हणून आत घ्या. माइक बंद, स्पीकर बंद, मागचा कॅमेरा चालू. मोबाइलवाला फक्त दाखवतो, बोलणारा खोलीत शांत बसून बोलतो. माझ्या जावेने ही युक्ती काढली आणि तेव्हापासून आमचा निम्मा त्रास गेला.

भट्टीवाला
@नाशिकची_द्राक्षं ताई, मोबाइलची युक्ती आज दुपारीच करून बघितली. लई भारी. ब्लोहोल दिसतोय. पण शेडमधल्या ट्यूबलाइटमुळे चित्र सारखं लपलपतं. आणि डायरी काढली: अठ्ठावीस मीटिंगांपैकी जर्मनीच्या सातही त्यांनीच लावलेल्या, टीम्सवर. चाकणच्या अकरापैकी आठ त्यांच्या. चेन्नईच्या चारपैकी तीन त्यांच्या. आम्ही स्वतः लावलेल्या, पुरवठादार, ऑडिटर, पुण्याला बसणारे काका असं सगळं धरून, उरलेल्या दहाच. मला वाटत होतं बहुतेक आम्हीच लावतो.

तारयंत्र
लपलपण्याचं कारण आपली वीज ५० हर्ट्‌झची आणि कॅमेरा ६० वर लावलेला. सेटिंगमध्ये 'अँटी-फ्लिकर' किंवा 'पॉवर लाइन फ्रिक्वेन्सी' असं काहीतरी असतं, ते ५० करा. फोनमध्ये तसं नसेल तर कास्टिंगजवळ एक बॅटरीवरचा एलईडी दिवा धरा, आणि तो वरून न मारता बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून मारा. खड्ड्याची सावली पडते आणि खोली कळते.

आता मुख्य मुद्दा. मी वीस वर्षं कारखान्यांच्या आणि दवाखान्यांच्या तारा ओढतोय. 'सिस्टीम खराब आहे' म्हणून मला बोलावलं जातं, आणि दहातल्या आठ ठिकाणी सिस्टीम धडधाकट असते. खराब असतं ते तिच्या अलीकडचं.

झूमच्या स्वतःच्या कागदपत्रांत दोघांच्या ७२०पी कॉलला जाताना आणि येताना दर सेकंदाला १.२ मेगाबिट पुरतात असं दिलंय. नुसत्या आवाजाला ६० ते ८० किलोबिट, म्हणजे जेमतेम पंधरावा हिस्सा. आज शिरोलीत फायबरवर याच्या कितीतरी पट मिळतं. मग तुटतं का? कारण वेग आणि सातत्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मीटिंगचं पाकीट, म्हणजे आवाज-चित्राचा एक तुकडा, उशिरा पोचलं तर ते टाकून द्यावं लागतं, फाइलसारखं पुन्हा मागवून चालत नाही. शेडमध्ये पत्रे, इंडक्शन फर्नेसची केबिन, क्रेन, लोखंडाचे ढीग. वाय-फायची लहर तिथे आपटून परत येते, कुठे पोचते कुठे नाही.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस अशी आहे की बोलण्यात एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. त्यापुढे माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. तुमच्यापासून जर्मनीपर्यंत वळणं धरून १० हजार किलोमीटर तार असली तरी त्यात ५० मिलिसेकंद जातात. उरलेला उशीर बराचसा आपल्याच इमारतीतला असतो.

तेव्हा खोलीत मीटिंगचा संगणक तारेने जोडा. कॅट-६ ची एक तार, राऊटरपासून टेबलापर्यंत. शेडमध्ये फेटलिंगजवळ आणि तपासणीच्या टेबलाजवळ एकेक अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारा डबा), तोही मागे तारेनेच जोडलेला. आणि फायरवॉल असेल तर यूडीपी (पोचपावतीची वाट न बघता तुकडे झटपट पाठवायची पद्धत) अडवलेलं नाही ना ते बघा. त्याचे दरवाजे म्हणजे पोर्ट नंबर: झूमला ८८०१ ते ८८१०, मीटला १९३०५ ते १९३०९, टीम्सला ३४७८ ते ३४८१. हे दरवाजे बंद असले तरी कॉल लागतो, पण टीसीपीवरून (प्रत्येक तुकड्याची पोचपावती घेत जाणाऱ्या पद्धतीवरून) वळसा घेऊन जातो आणि मग आवाज भरडल्यासारखा येतो. बऱ्याच ठिकाणी फक्त एवढंच दुरुस्त करून मी परत आलोय.

खुला_स्रोत
सगळ्या परदेशी वर्गण्यांचीच चर्चा चालली आहे म्हणून लिहितो. जित्सी बघा. पूर्ण मुक्त स्रोत, स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं, माणसांमागे वर्गणी नाही, समोरच्याला काही उतरवून घ्यावं लागत नाही, ब्राउझरमध्ये लिंक उघडली की झालं. चार कोअर आणि ८ जीबी रॅमचा भाड्याचा सर्व्हर तुमच्या नऊ जणांना पुरून उरेल. दोघंच असतील तर चित्र-आवाज सर्व्हरवरून न जाता थेट एकमेकांकडे जातो. तुमच्या गिऱ्हाइकाची ड्रॉइंग्ज, तुमच्या प्रक्रियेचं बोलणं दुसऱ्याच्या घरात का ठेवायचं? २०२३ मध्ये आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. कुठलं रेकॉर्डिंग कुठे पडलंय हे उद्या आपल्यालाच सांगावं लागणार आहे.

तारयंत्र
जित्सी उत्तम आहे, माझ्या दोन दवाखान्यांत मीच बसवलंय. पण तिथे मी आहे. भट्टीवाल्यांच्या साठ माणसांत सर्व्हर सांभाळणारा कुणी आहे का? प्रमाणपत्राची मुदत संपली, अपडेट राहिलं, डिस्क भरली, आणि नेमकी तेव्हाच चेन्नईची मीटिंग. सर्व्हरलाही गोठ्यातल्या म्हशीसारखं रोज बघावं लागतं.

खुला_स्रोत
मान्य, सांभाळणारा लागतो. पण महिन्यातून दोन तास देणारा माणूस कोल्हापुरात मिळत नाही असं नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेली किती मुलं पुण्याला जातात, कारण इथे अशी कामं कुणी देत नाही. मला हा मुद्दा पैशांपेक्षा मोठा वाटतो.

पत्रावळ
+१. भारतीय हवं असेल तर झोहोही आहेच. आणि केरळच्या आलप्पुळा जिल्ह्यातल्या टेकजेन्शिया कंपनीने केंद्र सरकारची स्वदेशी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची स्पर्धा ऑगस्ट २०२० मध्ये जिंकली होती, एक कोटीचं बक्षीस. छोट्या गावातून असं काम उभं राहतं.

निवृत्त_शाखाधिकारी
मुलांनो, तुमचं वाचून जुने दिवस आठवले. अवांतर आहे, चालवून घ्या.

१९९८-९९ च्या सुमारास आमच्या बँकेच्या विभागीय कार्यालयात व्हिडिओ कॉन्फरन्सची खोली झाली. आयएसडीएनची (तेव्हाच्या डिजिटल टेलिफोनची) एक लाईन म्हणजे ६४ किलोबिटचे दोन पदर, मिळून १२८. अशा तीन लाईनी एकत्र बांधून ३८४ किलोबिट व्हायचे आणि त्यावर चित्र चालायचं. हात हलवला की मागे त्याची सावली राहायची. मीटिंगच्या आदल्या दिवशी मुंबईला फोन करून वेळ ठरवायची, अर्धा तास आधी लाईन लावून बघायची, आणि तीनपैकी एक लाईन पडली की सगळं पुन्हा. टेबलाच्या मधोमध तीन पायांचा चांदणीसारखा स्पीकरफोन असे.

एक गोष्ट तेव्हा चांगली होती. वेळ महाग म्हणून प्रत्येकजण तयारी करून यायचा. कागद आदल्या दिवशी फॅक्सने पोचलेले असत. आणि आमचे साहेब एक नियम पाळायचे: चित्र गेलं तरी चालेल, आवाज गेला तर मीटिंग थांबवायची. तारयंत्र यांनी जो पंधराव्या हिश्श्याचा हिशेब दिला, त्यावरून त्यांचं म्हणणं आज नव्याने पटलं.

चहा_कमी_साखर
काका, असंच लिहीत जा. तीन लाईनी बांधायच्या हे पहिल्यांदाच कळलं.

तलावपाळी
कंपनी सेक्रेटरी आहे, ठाण्यात. धाग्यात अजून कुणी विचारलं नाही म्हणून मी विचारते. भट्टीवाला, तुमची प्रायव्हेट लिमिटेड आहे का? 'पुण्याला बसणारे काका' संचालक आहेत का?

भट्टीवाला
हो, प्रायव्हेट लिमिटेड. काका संचालक आहेत. गुडघ्यांमुळे आता त्यांचं येणं होत नाही. बोर्ड मीटिंगला ते व्हॉट्सअ‍ॅपवर असतात.

तलावपाळी
मग हे नीट वाचा. कंपनी कायदा २०१३ चं कलम १७३(२) संचालकाला व्हिडिओवरून बोर्ड मीटिंगला हजर राहू देतं, आणि तशी हजेरी गणपूर्तीत धरली जाते. पण नुसतं बोलणं ऐकू येऊन भागत नाही. बोर्ड मीटिंगच्या २०१४ च्या नियमांतला नियम ३ बघा. सुरुवातीला हजेरी घ्यायची. प्रत्येक दूरस्थ संचालकाने स्वतःचं नाव, कुठून बोलतोय ते ठिकाण, कार्यक्रमपत्रिका मिळाली आहे, आणि आपल्याजवळ दुसरं कुणी बसून ऐकत नाही, हे सांगायचं. मीटिंगचं रेकॉर्डिंग करून जपायचं. पूर्वी वार्षिक हिशेब मंजूर करण्यासारखे काही विषय व्हिडिओवर घेता येत नसत. तो चौथा नियम जून २०२१ मध्ये काढून टाकला, त्यामुळे आता त्या विषयांसाठी काकांना गाडीत बसवून कोल्हापूरला आणायची गरज नाही.

म्हणजे तुमच्या यादीत 'रेकॉर्डिंग' ही अट पहिल्या दोनांत हवी. मीटच्या फुकट खात्यावर रेकॉर्डिंग नाही. गूगल वर्कस्पेसच्या स्टार्टर योजनेतही नाही, स्टँडर्डपासून आहे. झूमच्या फुकट खात्यात स्वतःच्या संगणकावर करता येतं, पण मीटिंग चाळीस मिनिटांची. आणि रेकॉर्डिंग कुणाच्या खात्यात पडतं तेही ठरवा. ते कंपनीच्या खात्यात पडलं पाहिजे. मुलाच्या जीमेलमध्ये पडलं आणि उद्या तो पासवर्ड विसरला तर कंपनीची कागदपत्रंच गेली. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, फार त्रास होतो.

वाटसरू_७
यावरून आठवलं, आपल्या कोर्टांत व्हिडिओवर साक्ष चालते का हा प्रश्न महाराष्ट्र राज्याच्याच एका खटल्यात सुटला. साक्षीदार डॉक्टर न्यूयॉर्कला, आरोपी मुंबईत. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की साक्षीदार पडद्यावर असला तरी ती आरोपीच्या समक्ष दिलेली साक्षच धरावी. तेव्हा निवृत्त काकांच्या त्याच आयएसडीएनचा जमाना होता.

निवृत्त_शाखाधिकारी
वा, हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

श्टुटगार्टकर
मी तुमच्या मीटिंगच्या दुसऱ्या टोकाला बसतो, म्हणजे अगदी तुमच्या नाही, पण तशाच. बारा वर्षं इथे पुरवठादारांच्या गुणवत्तेचं काम करतो. इकडून काय दिसतं ते सांगतो.

इथल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांत आयटी विभागाने एकच सिस्टीम मान्य केलेली असते. दुसरी कुठली लिंक आली तर काहींच्या संगणकावर ती उघडतच नाही. त्यामुळे तुम्ही काय घ्याल याने मला फरक पडत नाही. माझ्या सिस्टीमवर तुम्ही पाहुणे म्हणून वेळेवर आणि स्वच्छ आवाजात आलात तर मला आनंद आहे. टीम्सला पाहुणा म्हणून यायला वर्गणी लागत नाही, क्रोम किंवा एजमधून येता येतं. फक्त आदल्या दिवशी एकदा उघडून कॅमेरा-माइकची परवानगी देऊन ठेवा. मीटिंग सुरू झाल्यावर 'माइक कुठे चालू करायचा' यात पाच मिनिटं गेली की इकडची माणसं अस्वस्थ होतात. घड्याळाचंही बघा: मार्च अखेर ते ऑक्टोबर अखेर आपल्यात साडेतीन तासांचं अंतर असतं, थंडीत साडेचार. आमंत्रण कॅलेंडरमधूनच पाठवा, हाताने वेळ लिहू नका.

ड्रॉइंग कॅमेऱ्यासमोर धरू नका. पीडीएफ उघडून तेवढीच खिडकी शेअर करा, अख्खा स्क्रीन नको. एका पुरवठादाराच्या स्क्रीनवर मला दुसऱ्या गिऱ्हाइकाचे दर दिसले होते. मी नजर फिरवली, पण प्रत्येकजण फिरवेलच असं नाही.

आणि एक गोष्ट जिच्यामुळे मी हा प्रतिसाद लिहायला बसलो. एसजी आयर्नचं (ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं अशा ओतीव लोखंडाचं) कास्टिंग असेल तर आपण हातोडीने ठोकून आवाज बघतो. ग्रॅफाइटचे गोळे नीट झाले असतील तर घंटेसारखा ठणका उठतो, नाहीतर बद्द वाजतं. एक पुरवठादार मला कॅमेऱ्यावर कास्टिंग ठोकून दाखवत होता. हातोडी पडताना दिसायची आणि ऐकू काहीच यायचं नाही. मला वाटलं माइक बंद आहे. पण त्याचं बोलणं येत होतं! या सगळ्या सिस्टीम आता माणसाचा आवाज सोडून बाकी सगळा गोंगाट म्हणून गाळतात. हातोडीचा ठणका त्यांच्या लेखी गोंगाट. तपासणी दाखवताना नॉइज सप्रेशन बंद करा. झूममध्ये त्याला 'ओरिजिनल साउंड' म्हणतात, टीम्स आणि मीटमध्ये आवाजाच्या सेटिंगमध्ये बंद करायची सोय आहे. फेटलिंगमध्ये बोलताना चालू, ठोकून दाखवताना बंद.

भट्टीवाला
@श्टुटगार्टकर, वाचून अंगावर काटा आला. बाबा दरवेळी ठोकून दाखवतात. दरवेळी! मला आत्ता कळतंय की आजवर समोरच्यांनी बहुतेक ते ऐकलंच नाही.

मडगांवकर
गोव्यात आमचं लग्नाच्या पाहुण्यांचं हॉटेल आहे. आफ्रिकेतल्या, लंडनच्या कुटुंबांशी सहा-सहा महिने व्हिडिओवरच बोलणी चालतात. आमच्या खोलीत काचेच्या भिंती आणि फरशी, त्यामुळे आवाज विहिरीतून आल्यासारखा. महागडा माइक घेतला, फरक नाही. शेवटी आईने जाड पडदे लावले आणि खाली जुना गालिचा टाकला. त्या दिवसापासून कुणी 'पुन्हा बोला' म्हटलं नाही. कॅमेऱ्यावर पैसे घालण्याआधी पडद्यांवर घाला.

तारयंत्र
मडगांवकरांशी शंभर टक्के सहमत. माइकचंही तेच. तोंडापासून अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, पण खोलीचा घुमारा तेवढाच राहतो. म्हणून भिंतीवरच्या कॅमेऱ्यातला माइक दहा माणसांच्या टेबलाला पुरत नाही. टेबलावर मध्ये एक चांगला स्पीकरफोन, टेबल लांब असेल तर त्यालाच जोडलेला दुसरा माइक. आणि एका खोलीत दोन लॅपटॉप आवाजासकट चालू ठेवू नका, कर्कश शिटी सुरू होते.

भिंतभर स्क्रीनचं म्हणाल तर घरातला चालू असलेला कुठलाही ४३ इंची टीव्ही एचडीएमआयने जोडा. आठ माणसांना तेवढा खूप झाला.

ठाम_मत
सगळे म्हणतायत सिस्टीम कुठलीही चालेल. मी सहमत नाही. रोज वापरणाऱ्याला फरक पडतो. आमच्याकडे झूम, मीट, टीम्स तिन्ही वर्षभर वापरून झाली. कमी नेटवर्कवर कोण तग धरतं, जुन्या लॅपटॉपचा पंखा कुणामुळे घोंघावतो, वयस्क माणसाला कुठलं बटण सापडतं, यात खूप अंतर आहे. आमच्या साठीच्या हिशेबनीसांना एकच सिस्टीम जमली आणि आम्ही तीच ठेवली. नऊ जणांना बसवून प्रत्येकीवर एकेक खरी मीटिंग करा आणि सगळ्यात कमी सवय असलेल्या माणसाला विचारा.

नाशिकची_द्राक्षं
हे पटलं. मी लिहिलं ते खरेदीदाराच्या बाजूने होतं, घरच्या माणसांचा विचार त्यात नव्हता.

जमाखर्च
दोन गोष्टी हिशेबाच्या. पहिली, मीटिंग भरवणाऱ्यालाच वर्गणी लागते, येणाऱ्याला नाही. नऊ जण वापरतात म्हणून नऊ वर्गण्या घेऊ नका. एका वेळी आपल्या किती मीटिंगा चालतात ते मोजा. मात्र एकच खातं चौघांत वाटूनही घेऊ नका. एका खात्यावर दोन मीटिंगा एकदम लागल्या की पहिलीतली माणसं अडकतात, शिवाय ते करारात बसत नाही.

दुसरी, बिल कोण देतं ते बघा. भारतीय कंपनीचं रुपयांतलं बिल असेल आणि त्यावर तुमचा जीएसटी नंबर असेल तर १८ टक्के सरळ क्रेडिटला येतात. परदेशी कंपनीने डॉलरमध्ये बिल दिलं तर रिव्हर्स चार्जने तुम्हालाच रोखीने भरावे लागतात, मग क्रेडिट मिळतं. लहान रक्कम असते म्हणून सोडून देतात आणि ऑडिटमध्ये निघतं.

आणि सगळ्यात आधी सांगा, तुमचा कंपनीचा मेल कुणाकडे आहे?

भट्टीवाला
मेल गूगल वर्कस्पेसवर. पाच वर्षं झाली.

जमाखर्च
मग मीटचे पैसे तुम्ही पाच वर्षं भरताच आहात. घरच्या जीमेलवरून मीटिंग लावायचं कारणच नाही. योजना कोणती ते बघा आणि तलावपाळी यांनी सांगितलेलं रेकॉर्डिंग त्यात बसतं का तपासा.

पत्रावळ
एवढ्या मोठ्या धाग्यात हे आता विचारलं गेलं!

दोन_वाटी_रस्सा
मी 'विषय संपला' लिहिलं तिथून विषय सुरू झाला की हो. पण कुठल्याही एकावर विसंबू नका. १६ एप्रिल २०२५ ला झूम जगभर सुमारे दोन तास बंद होतं. आपल्याकडे मध्यरात्र होती म्हणून फारसं कळलं नाही. नेटवर्क, सर्व्हर सगळं ठीक, फक्त झूमच्या वेबपत्त्याच्या नावाची नोंदणी सांभाळणाऱ्यांत गोंधळ होऊन पत्ताच सापडेनासा झाला. आमंत्रणाच्या तळाशी दुसरी एक लिंक नेहमी लिहून ठेवावी.

सरळमार्गी
आणि वीज गेली तर? शिरोलीत सोमवारी वीज बंद असते ना?

तारयंत्र
जनरेटर सुरू होईपर्यंतची दहा-वीस सेकंद नडतात. राऊटर पुन्हा उठायला दोन-तीन मिनिटं घेतो. बहुतेक राऊटर आणि फायबरचं ओएनटी (बाहेरची फायबरची तार ज्यात येते तो डबा) १२ व्होल्टवर चालतात, त्यांच्यासाठी हातात मावेल एवढा छोटा यूपीएस मिळतो. अ‍ॅडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. दोन्ही डबे त्यावर हवेत. लोक राऊटरला लावतात आणि ओएनटी विसरतात.

भट्टीवाला (धागालेखक)
तीन आठवड्यांनी लिहितोय. उशिराबद्दल माफी, मार्गदर्शन केलेल्या प्रत्येकाचं ऋण आहे.

आम्ही नवीन सिस्टीम घेतलीच नाही. मेलची योजना स्टार्टर होती, ती सगळ्यांची स्टँडर्डला नेली, त्यामुळे कंपनीच्या खात्यात रेकॉर्डिंग होतं. आमच्या मीटिंगा मीटवर. जर्मनी आणि चाकणला त्यांच्या टीम्सवर पाहुणे म्हणून. ठाम_मत यांनी सांगितल्याप्रमाणे नऊ जणांची चाचणी घेतली. स्टोअरचे मामा सगळ्यात मागे पडतील असं वाटलं होतं, त्यांना लिंक दाबली की उघडतं एवढं कळल्यावर त्यांनी बाकीच्या दोघांना शिकवलं. @खुला_स्रोत, तुमची गोष्ट डोक्यातून गेली नाही. पुढच्या वर्षी गिऱ्हाइकाची गोपनीय ड्रॉइंग्ज येणार आहेत, तेव्हा गावातल्याच एका मुलाला घेऊन जित्सीचा प्रयोग करायचा आहे.

वाचलेला पैसा असा गेला: खोलीत आणि तपासणीच्या टेबलापर्यंत तारा, दोन अ‍ॅक्सेस पॉइंट, एक स्पीकरफोन, राऊटर आणि ओएनटी दोन्हींना यूपीएस, खिडक्यांना जाड पडदे. पडदे आईने राजारामपुरीतून आणले. विक्रेत्याने दिलेल्या कोटेशनच्या चौथ्या हिश्श्यात सगळं झालं.

काकांनी पहिल्यांदा नियमाप्रमाणे हजेरी दिली. नाव, ठिकाण, पत्रिका मिळाली, शेजारी कुणी नाही. मग जरा थांबून म्हणाले, काकू आत्ता चहा ठेवून गेली, ते लिहायचं का.

आणि परवा जर्मनीची मीटिंग झाली. मी मोबाइल घेऊन तपासणीच्या टेबलाशी, एलईडी बाजूने धरलेला, बाबा आणि क्वालिटीचे दोघे खोलीत. ब्लोहोलचं बोलणं झालं, कारण कळलं, कोअर (कास्टिंगच्या आतली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा) नीट सुकला नव्हता ते आम्ही कबूल केलं. मग नवीन लॉटमधलं एक कास्टिंग दाखवायचं होतं. बाबा स्वतः उठून शेडमध्ये आले. मोबाइलचा माइक चालू केला, खोलीतला बंद, गाळणी बंद. त्यांनी हातोडी मारली. पलीकडे सगळे गप्प. मला वाटलं, आवाज याही वेळी पोचलाच नाही. मग तिथल्या म्हाताऱ्या इंजिनिअरने इंग्रजीत विचारलं, आणखी एकदा वाजवाल का?

बाबांनी पाच कास्टिंगं वाजवली.

श्टुटगार्टकर
ऑफिसात बसून वाचतोय आणि डोळे भरून आलेत. बाबांना माझा नमस्कार सांगा.

तारयंत्र
फार बरं वाटलं. अ‍ॅक्सेस पॉइंटवर ग्राइंडिंगची धूळ बसते, महिन्यातून एकदा पुसून घ्या. लोखंडाची धूळ आहे ती.

चहा_कमी_साखर
वाचनखूण साठवली आहे. उद्या आमच्या मीटिंगांची डायरी काढतो.